बँडो म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: महाद्वार रोडला माझं शिवणकाम आहे. एका ताईंनी इरकलीवर डोक्याला बांधायला ‘बँडो’ मागितलाय. दुकानात तर त्याच नावानं बिनपट्ट्याचा टॉप दाखवतात. खरा अर्थ कुठला?

उत्तर: दोन्ही बरोबर, मावशी. शब्द फ्रेंच, उच्चार ‘बांदो’. ‘बांद’ म्हणजे पट्टी. तिचं लघुरूप जुन्या फ्रेंचमध्ये ‘बांदेल’, त्याचंच पुढं बांदो झालं. मूळ अर्थ डोक्याचाच, टॉपचा विसाव्या शतकातला. टेनिसपटू सुझान लेंग्लेन १९२० च्या दशकात असली रेशमी पट्टी बांधून खेळायची. तिचे फोटो बघाच, काय रुबाब!

उत्तर: ‘बांद’ मुळात जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या घराण्यातलं. आपलं ‘बांधणं’, संस्कृत ‘बन्ध्’ त्याचं लांबचं नातलग.

मावशी: लई आभारी. काठाचं कापड उरलंय, त्याचाच शिवते. मागं इलॅस्टिक घालू का नाडी?