कॉलेज बास्केटबॉलमधली पंचगिरी : दाद मागायची तरी कशावर?

चारभिंती (सातारा)
झोनल (विभागीय स्पर्धा) तोंडावर आली आणि दर वर्षीची रडकथा सुरू. युरो स्टेप (एक पाऊल एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला) टाकली की ट्रॅव्हलिंगची, म्हणजे बॉल धरून जास्त पावलं टाकल्याची शिट्टी. स्कोअर लिहायच्या टेबलवर यजमान कॉलेजची नवखी मुलं, टीम फाउल (संघाच्या खात्यावरचा फाउल) मोजायचा राहतो आणि हक्काचे फ्री थ्रो बुडतात. शॉट क्लॉक (शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं घड्याळ) म्हणजे मोबाइलचं स्टॉपवॉच. धडकेत चूक हल्ला करणाऱ्याची (चार्ज) की बचाव करणाऱ्याची (ब्लॉक) हे पंचांच्या मर्जीवर. प्रोटेस्ट करायला गेलं की ‘पंचांचा निर्णय अंतिम’. नेमकी कशावर दाद मागता येते आणि कधीपर्यंत? पंचांना शिव्या नकोत, नियम सांगा.

कृष्णाकाठ
शिट्टीवर प्रोटेस्ट होत नाही, हे आधी पक्कं करा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात तीनच कारणं चालतात: गुण, वेळ किंवा शॉट क्लॉकची चूक जी पंचांनी दुरुस्त केली नाही, मॅच रद्द करणं, पुढे ढकलणं, बहाल करणं असा निर्णय, आणि खेळाडूची पात्रता. मॅच संपल्यापासून १५ मिनिटांत कॅप्टनने मुख्य पंचांना सांगून स्कोअरशीटवर प्रोटेस्टच्या रकान्यात सही करायची. कॅप्टनने, कोचने नव्हे. लेखी कारणं एका तासात. फी किती ते तुमच्या स्पर्धेच्या परिपत्रकात बघा.

बुडालेल्या फ्री थ्रोसाठी मात्र मॅच संपेपर्यंत थांबलात तर हातात काही येत नाही. समजा समोरच्यांचा क्वार्टरमधला ५ वा फाउल झाला आणि दोन फ्री थ्रोऐवजी तुम्हाला साइडने बॉल दिला. घड्याळ सुरू झालं. आता पुढची शिट्टी वाजून बॉल डेड झाला की तीच शेवटची संधी. तिथून थ्रो-इनसाठी (रेघेबाहेरून बॉल आत टाकण्यासाठी) बॉल खेळाडूच्या हातात दिला गेला की विषय संपला. आणि तो साइडचा बॉल घेऊन तुम्हीच बास्केट केलंत तर चूक धरतच नाहीत. गुण किंवा फाउल शीटवर चुकीचा चढला असेल, तर तो मुख्य पंचांची शीटवर सही होईपर्यंत दुरुस्त होतो.

एक गोष्ट प्रेक्षक हमखास विसरतात. बॉल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनीच फाउल केला, तर ५ वा असला तरी बोनस, म्हणजे ते दोन फ्री थ्रो, नाही.

स्कोअरशीटवाली
टेबलवर विश्वास टाकू नका, स्वतःची वही ठेवा. बेंचवरचा एक खेळाडू फक्त तेवढ्यासाठी. बॉल डेड आणि घड्याळ थांबलेलं असताना कोच किंवा पहिला सहायक कोच टेबलला गुण, वेळ, फाउल विचारू शकतो. तो हक्क आहे, उपकार नव्हे. पंचांशी बोलायचं मात्र कॅप्टनने, तेही अशाच वेळी आणि नीट शब्दांत.

शीटवर १ ला आणि ३ रा क्वार्टर लाल पेनने, २ रा आणि ४ था निळ्या किंवा काळ्या पेनने. टेबलवर एकच पेन दिसला तर मॅचआधीच बोला, कारण फाउल कुठल्या क्वार्टरचा यावर नंतर भांडण लागतं.

शॉट क्लॉकची सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बचाव करणाऱ्याने बॉल बाहेर मारला की २४ वर नेणं. तिथे उरलेलीच वेळ चालू राहते. रिंगला लागून बॉल पुन्हा हल्ला करणाऱ्यांकडेच आला तर १४. पुढच्या भागात (जिथे हल्ला करतात त्या अर्ध्या कोर्टात) बचाव करणाऱ्याचा फाउल झाला आणि थ्रो-इन मिळाला, तर १४ किंवा जास्त उरलेत ते तसेच, १३ किंवा कमी असतील तर १४. मागच्या भागात २४. एवढं पुठ्ठ्यावर लिहून टेबलला चिकटवा. मोबाइलच असेल तर दोन घ्या, एकावर २४, दुसऱ्यावर १४ लावून ठेवा.

वाईकर_पिव्हट
ट्रॅव्हलिंगचं म्हणाल तर २०१७ पासून फिबाने शून्य पाऊल धरलंय. पळताना बॉल हातात स्थिरावला त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजायचाच नाही, पुढे दोन पावलं. जुन्या सवयीचे पंच तोच पाय ‘एक’ धरतात. व्हिडिओ हळू करून बॉल हातात थांबतो ती फ्रेम शोधा, कोणता पाय टेकलाय बघा, मग मोजा. उभ्या खेळाडूला शून्य पाऊल नाही. आपली पोरं उभ्याने बॉल घेऊन ड्रिबल सुरू करताना, बॉल हातातून सुटायच्या आत पिव्हट (टेकून ठेवायचा पाय) उचलतात, तो खरा ट्रॅव्हल, आणि नेमका तोच सुटतो!

चार्जला बचाव करणाऱ्याने पुतळ्यासारखं उभं राहायची गरज नाही. तोंड समोर आणि दोन्ही पाय एकदा टेकले की मागे, बाजूला सरकता येतं. पण शूट करणारा हवेत गेल्यावर त्याच्या वाटेत घुसलात तर ब्लॉक.

चारभिंती (सातारा)
आमच्या कोर्टावर रिंगखालचं अर्धवर्तुळच (ज्याच्या आत चार्ज देत नाहीत) नाही. मग?

वाईकर_पिव्हट
मग पंच अंदाजाने देतात, त्यांचाही नाइलाज. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा, तो बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर पडला पाहिजे. तिथे खिळा धरून १.२५ मीटरच्या दोरीने खडूची कमान काढा, ती रेघेची आतली कड. दोन्ही टोकांपासून बेसलाइनकडे ३७.५ सेंटीमीटरच्या सरळ रेघा. जुन्या सिमेंट कोर्टावर बघून ठेवा, खाली पसरट होत जाणारा पेंट (रिंगसमोरचा आखलेला भाग) आणि ६.२५ मीटरची थ्री पॉइंट लाइन अजून असते. २०१० पासून पेंट ४.९ बाय ५.८ मीटरचा आयत आहे आणि लाइन ६.७५ वर. दोन्ही रेघा दिसत असतील तर कोणती धरायची ते जंप बॉलच्या आधीच, दोन्ही कॅप्टनसमोर, मुख्य पंचांकडून वदवून घ्या.