‘मेटामॉर्फोसिस’: ग्रेटेच्या तोंडचं ‘ते’ मराठीत कसं आणायचं?

निळीशाई

फ्रान्झ काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या, म्हणजे ग्रेगोर सामसा एका सकाळी किडा होऊन जागा होतो त्या कथेच्या, तिसऱ्या भागाची अभिवाचनासाठी मराठी संहिता करतो आहे. मूळ जर्मन समोर आहे, मदतीला इंग्रजी भाषांतर. एका सर्वनामावर गाडी अडली आहे.

बहिणीचं, ग्रेटेचं, व्हायोलिन ऐकायला ग्रेगोर बाहेर येतो, त्यानंतर तीन भाडेकरू खोली सोडायची धमकी देतात आणि ग्रेटे टेबलावर हात आपटून बोलायला लागते. तोवर घरात ग्रेगोरचा उल्लेख ‘एर’, म्हणजे ‘तो’, असाच असतो. इथे ती ‘एस’वर येते, म्हणजे नपुंसकलिंगी ‘ते’. भावाचं नाव या जनावरासमोर घेणार नाही असं सांगूनच ती सुरुवात करते. वडील मात्र त्याच संभाषणात ‘त्याला आपलं बोलणं कळलं असतं तर’ असं दोनदा म्हणतात आणि ‘एर’च वापरतात.

मराठीला तीन लिंगं आहेत, त्यामुळे हे सोपं जाईल असं वाटलं होतं. पण ‘त्याला घालवायला हवं’ असं लिहिलं की फरक पुसला जातो आणि ‘ते गेले पाहिजे’ लिहिलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की वडिलांबद्दल चाललंय. काय करावं? दुसरं म्हणजे, ग्रेटेचं भावापासून तुटणं नेमकं या वाक्यापाशी होतं की आधीच झालेलं असतं? वाचणाऱ्या मुलीला सूर कुठून चढवायचा ते सांगावं लागेल.

अनुस्वार

तुमची अडचण तीन ठिकाणी आहे. ती वेगवेगळी सोडवा.

पहिली, विभक्ती. ‘तो’ आणि ‘ते’ या दोन्हींचं सामान्यरूप ‘त्या’च होतं: त्याला, त्याचा, त्याच्याशी. म्हणून ग्रेटेच्या या भाषणात ‘त्याला’ शक्यतो येऊच देऊ नका. मराठीत माणसाला ‘ला’ लावावाच लागतो, वस्तूला लावत नाहीत. ‘दादाला उचल’, पण ‘टेबल उचल’. ग्रेटे नेमकं हेच करते आहे, भावाचा ‘ला’ काढून घेते आहे. म्हणून ‘हे घालवायला हवं’. ‘ह्याला घालवायला हवं’ नको. ‘ला’ नसणं कानाला लगेच खटकतं आणि ते खटकणं तुम्हाला हवंच आहे.

दुसरी, आदरार्थी ‘ते’. निवेदनात वडील सगळीकडे ‘ते’च असणार, त्यामुळे घोटाळा होणारच. त्यावर उपाय क्रियापदाच्या शेवटात आहे. छापील प्रमाण मराठीत नपुंसकलिंगी ‘ते गेले’ आणि आदरार्थी ‘ते गेले’ अक्षरशः एकच. ‘पाहिजे’ आणि ‘पाहिजेत’ यातला एक ‘त’ तर ऐकणाऱ्याच्या कानातून सहज निसटतो. संवादात बोलीतला अनुस्वार ठेवा: ‘ते गेलंच पाहिजे.’ ‘गेलं’ म्हटल्यावर वडिलांचा संशय उरत नाही. संहितेत संवाद ‘केले, गेले, झाले’ असे लिहिले असतील तर आधी तेच बदला, नाहीतर वाचणारी अनुस्वार विसरेल आणि सगळा खेळ बिघडेल.

तिसरी, ‘ते’ला आधाराचं नाम लागतं. जर्मनमध्ये ती आधी ‘उनटिअर’, म्हणजे राक्षसी जनावर, म्हणते. ते नाम नपुंसकलिंगी आहे, आणि ‘एस’ त्याला धरून येतं. व्याकरणाची पळवाट तिला तिथेच मिळते. मराठीत ‘राक्षस’ घेतलात तर पुल्लिंग, मग परत ‘तो’. ‘जनावर’ घ्या. ते नपुंसकलिंगी आहे, घरात शिरलेल्या नकोशा जिवाला आपण तसंही हाच शब्द वापरतो. शिवाय नाव घ्यायचं टाळून ‘जनावर’ म्हणायची आपल्याकडे सवयच आहे. रात्री सापाचं नाव काढत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. ग्रेटेही नाव काढायचंच टाळते आहे.

जमेल तसं:

‘या जनावरासमोर माझ्या भावाचं नाव मी तोंडातून काढणार नाही, म्हणून एवढंच म्हणते, हे घालवायला हवं.’

पुढे ती वडिलांना सांगते की हा ग्रेगोर आहे ही कल्पना सोडून द्या. मूळात दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, ‘लोसवेर्डन’, म्हणजे एखाद्या गोष्टीपासून सुटका करून घेणं. इंग्रजीतही ते जुळवता येतं, पण मराठीत ‘घालवणं’ फार चपखल बसतं: ‘हे म्हणजे ग्रेगोर, ही समजूत मनातून घालवा, बाबा.’ आधी जनावर घालवायचं, मग समजूत घालवायची. ‘हा ग्रेगोर आहे’ असं इथे चुकूनही लिहू नका. ‘हे म्हणजे’ हवं.

उंबरठा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तुटणं या वाक्यात होत नाही, इथे ते फक्त बोललं जातं. काफ्कानं ते वस्तूंमधून आधीच दाखवलंय. ग्रेटेचे हात बघत चला.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ती दुधाचं भांडं आणून ठेवते, त्यात पांढऱ्या पावाचे तुकडे. दूध हे ग्रेगोरचं आवडतं पेय, पण आता ते त्याला जात नाही. सकाळी भांडं तसंच पाहून ती उचलते, पण नुसत्या हातानं नाही, फडक्यानं धरून. त्याच वेळी ती त्याच्यासाठी केवढी माया दाखवते तेही बघा. जुन्या वर्तमानपत्रावर निवडीसाठी पदार्थ मांडते: अर्धवट सडलेली भाजी, रात्रीच्या जेवणातली थिजलेल्या पांढऱ्या सॉसमधली हाडं, बेदाणे, बदाम, ग्रेगोरनं दोन दिवसांपूर्वी खाण्यालायक नाही म्हणून बाजूला सारलेलं चीज, सुका पाव, लोणी लावलेला पाव, लोणी आणि मीठ लावलेला पाव. त्याला काय आवडेल याचा इतका बारीक विचार घरात दुसरं कुणीच करत नाही. आणि तरीही, त्यानं तोंड न लावलेलंसुद्धा ती झाडून बादलीत टाकते. माया आणि किळस एकाच हातात आहेत. तिसऱ्या भागात ती कामावर जायच्या घाईत हाती येईल ते अन्न पायानं खोलीत ढकलते.

फडकं, झाडू, पाय. वाचणाऱ्या मुलीला एवढंच सांगा, सूर आपोआप सापडेल.

आता किल्ल्या. पहिल्या भागात ग्रेगोरच्या खोलीला तीन दारं आहेत. आई एका दारावर, वडील दुसऱ्या, बहीण तिसऱ्या दारावर, आणि तिन्ही त्यानं स्वतः आतून लावलेली. फिरतीच्या नोकरीत हॉटेलात दार लावून झोपायची सवय, ती तो घरीही पाळतो. म्हणजे किडा व्हायच्या आधीच तो स्वतःच्या घरात परगावच्या हॉटेलात राहिल्यासारखा राहतो. संध्याकाळी जागा होतो तेव्हा दारं उघडी आहेत, कुणी आत येत नाही, आणि किल्ल्या आता बाहेरच्या बाजूला आहेत. मला विचाराल तर सबंध कथा या एका वाक्यात आहे.

आणि पैसे. वडिलांचा धंदा पाच वर्षांपूर्वी बुडाला. ते कर्ज फेडायला ग्रेगोर मालकाकडे राबतो, आणखी पाच-सहा वर्षं लागतील असा त्याचा हिशेब. पहाटे चारचा गजर, पाचची गाडी. तो पैसे आनंदानं देतो, घरचे ते आभार मानून घेतात, पण निवेदक स्पष्ट सांगतो की विशेष ऊब आता उरली नव्हती. हे सगळं रूपांतराच्या आधीचं. नंतर कळतं की वडिलांनी काही पैसे बाजूला ठेवले होते. ग्रेगोरला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. ते वाचताना अंगावर काटा येतो.

पागोळी

इथे थोडं विचारते. निवेदनात किड्याला ‘झुरळ’ म्हटलं तर? तो शब्द नपुंसकलिंगी आहे, मग ‘ते’ आपोआप येईल.

अनुस्वार

म्हणूनच नको. पहिल्या वाक्यापासून निवेदक ‘ते’ म्हणायला लागला तर ग्रेटेच्या तोंडी त्याची धार काय राहणार? ग्रेगोर मरेपर्यंत निवेदक त्याला ‘तो’च म्हणतो. त्यासाठी पुल्लिंगी ‘किडा’ बरा.

शिवाय काफ्कानं प्रकार सांगितलेलाच नाही. शब्द आहे ‘उनगेत्सिफर’, उपद्रवी, नकोसा जीव. त्याचं मूळ जुन्या जर्मनमध्ये ‘बळी द्यायला न चालणारं, अशुद्ध जनावर’ असं सांगतात. मोलकरीण ‘शेणकिडा’ म्हणते, पण ती हाक लाडाची, तिला शास्त्र समजू नका. पहिल्या वाक्यात ‘उन’ तीनदा वाजतो: अस्वस्थ स्वप्नं, प्रचंड, नकोसा जीव. मराठीत ‘अ’ वाजवता येतो, ‘अस्वस्थ स्वप्नांतून जागा झाला तेव्हा... एका अजस्र, अमंगळ किड्यात’. ‘अमंगळ’मध्ये ते अशुद्धपणही येतं.

१९१५ मध्ये कुर्ट वोल्फ प्रकाशनानं लाइपत्सिगला पुस्तक काढलं, तेव्हा मुखपृष्ठावर किडा येईल या धास्तीनं काफ्कानं २५ ऑक्टोबरला पत्र लिहिलं की किडा काढता कामा नये, दुरूनसुद्धा दाखवू नये. त्याऐवजी उजेडातल्या खोलीत आईवडील आणि बहीण, आणि शेजारच्या काळोख्या खोलीचं दार उघडं, असं काहीतरी सुचवलं. ओटोमार श्टार्केच्या चित्रात अर्धवट उघड्या दारापासून तोंड झाकून दूर जाणारा माणूस आहे, दारामागे अंधार. अभिवाचनाच्या पोस्टरवर झुरळ छापणार असाल तर कृपया छापू नका.

जुनेपान

वर ‘माया आणि किळस’ म्हटलंय ते पटलं, पण ग्रेटेला कठोर करून वाचू नका. ती १७ वर्षांची आहे. तोवर दिवसभर दुकानात विक्रीचं काम, संध्याकाळी शॉर्टहँड आणि फ्रेंच. आई अंतर्वस्त्रं शिवते, वडील बँकेत शिपाई, घरीसुद्धा गणवेश उतरवत नाहीत. ग्रेगोर तिला संगीत विद्यालयात पाठवणार होता, नाताळच्या आदल्या संध्याकाळी जाहीर करणार होता. ते तिला कधीच कळत नाही.

आणि एक गोष्ट इथे सुटली आहे. ती ‘एस’वर पूर्ण टिकत नाही. ‘हे ग्रेगोर असतं, तर तो आपणहून निघून गेला असता’ म्हणता म्हणता तिचं सर्वनाम हलतं, आणि ग्रेगोर जरा वळला की ती किंचाळते, ‘बघा बाबा, तो पुन्हा सुरू झाला!’ इथे मूळात ‘एर’ आहे. घाबरल्याबरोबर ‘तो’ तोंडातून निसटतो. भाषांतर करणारे पुष्कळदा सगळीकडे एकच सर्वनाम ठेवून हे सपाट करतात. तुम्ही करू नका. सकाळी तो मेल्यावर तर ती म्हणते, ‘बघा, किती वाळला होता. किती दिवस काही खाल्लंच नव्हतं त्यानं.’ पुन्हा ‘तो’. मोलकरणीच्या तोंडी मात्र ‘एस’, आणि क्रियापद जनावर मरतं तेव्हा वापरायचं: ‘या, बघा, गचकलं! पार गचकलंय!’ इथे ‘वारला’ किंवा ‘मेला’ चालणार नाही.

त्यानंतर निवेदकाचीही भाषा बदलते. जोवर ग्रेगोर जिवंत आहे तोवर ‘वडील’, ‘आई’. तो गेल्यावर ‘हेर सामसा’, ‘फ्राउ सामसा’. ज्याचे ते आईवडील होते तोच राहिला नाही. मराठीत ‘श्री. सामसा, सौ. सामसा’ करा आणि निवेदकाला तिथे एक श्वास थांबू द्या.

शेवटच्या ट्राम प्रवासाबद्दल: काफ्काला स्वतःला हा शेवट आवडला नव्हता. १९ जानेवारी १९१४ च्या रोजनिशीत त्यानं तो वाचवत नाही असं लिहिलंय आणि कामाच्या फिरतीमुळे लिखाण मध्येच तुटलं याला दोष दिलाय. कथा १७ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर १९१२ दरम्यान लिहिली गेली. तरी शेवट कापू नका. ग्रेटे उठून अंग ताणते तिथे थांबायचं आहे.

निळीशाई

संवादातले सगळे ‘गेले’ आता ‘गेलं’ केले, ‘त्याला’ फक्त वडिलांच्या तोंडी ठेवला. ‘तो पुन्हा सुरू झाला’ मी आधी ‘ते’ केलं होतं, परत फिरवलं.

एक शेवटचं. दार लावून ग्रेटे किल्ली फिरवते आणि आईवडिलांकडे बघून ओरडते, ‘एंटलिश!’, म्हणजे ‘अखेर!’ मी ‘सुटलो एकदाचे!’ लिहिलंय.

अनुस्वार

‘सुटलो’ काढा. ती सुटली असं ती म्हणत नाही, ते आपण तिच्या तोंडी घालतोय. मूळात एकच शब्द आहे. ‘एकदाचं!’ एवढंच ठेवा, आणि त्याआधी किल्ली फिरल्याचा आवाज.