सामूहिक गोधडी शिबिर: तुमचे अनुभव, मापं आणि युक्त्या इथे लिहा

धावदोरा
काल पावसाने उघडीप दिली म्हणून माळ्यावरच्या गोधड्या गच्चीत टाकल्या. एकीच्या मधोमध चारी बाजूंचे टाके येऊन भेटलेले दिसले आणि ओसरीवर एका गोधडीभोवती बसणाऱ्या सगळ्या काकू-मावश्या आठवल्या. दिवाळीनंतर आमच्याकडे दोन दिवसांचं शिबिर ठरतंय. पहिल्या दिवशी प्रात्यक्षिकं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक गोधडी. ज्यांना यातलं कळतं त्यांनी हातचं न राखता लिहा.

मापांपासून सुरुवात करते. एकेरी गोधडी ६० × ९० इंच. सहावारी साधारण साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच. साडीचे ६०-६० इंचांचे तुकडे पाडले की तीन निघतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की एक थर तयार. म्हणजे दोन सहावारींत तीन थर. नऊवारीतून पाच तुकडे निघतात, अडीच थर. जोडात थोडं कापड जातं, त्यामुळे कडा सगळे थर एकत्र आल्यावरच छाटायच्या, आधी नाही.

सुईदोरा
सगळ्या थरांचे जोड मध्यावर आले तर तिथे उंचवटा होतो आणि झोपल्यावर पाठीला लागतो. एकाआड एक थरात एक तुकडा उभा अर्धा करायचा आणि ते दोन अर्धे पूर्ण तुकड्याच्या दोन्ही अंगांना लावायचे. जोड ४५ इंचांवर न येता साडेबावीस आणि साडेसदुसष्टवर येतात. जरीचे काठ असतील तर काढूनच टाका. जर टोचते आणि सुई अडते.

रानजाई
कापडाबद्दल कुणी बोललंच नाही अजून! सुती ते सुतीच. एक थर जरी पॉलिस्टरचा आला तरी तो बाकीच्यांवर सरकतो. शिवताना कळत नाही, पहिल्या धुण्यात सुती थर आटतो, पॉलिस्टर आटत नाही आणि सगळीकडे चुण्या पडतात. नवं कापड घेणार असाल तर आधी भिजवून, खळ काढून, वाळवून मगच कापा. जुन्या साड्या आटून झालेल्या असतात, म्हणून त्या बऱ्या.

लाल, मरून, गर्द निळा यांचा रंग तपासा. ओल्या पांढऱ्या फडक्यावर कापडाचं टोक ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची. फडक्यावर डाग आला तर ते कापड नकोच. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सांगतात, पण रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठाने धरत नाही.

कोकणची_माई
थर किती घेणार ते आधी ठरवा बायांनो. आमच्याकडे तीन पुरतात. घाटावर थंडीला पाच. सातच्या वर गेलात तर सुईवर एका वेळी एकच टाका येतो, वर खाली, वर खाली. नव्या बायका कंटाळून उठतात.

धावदोरा
माई, चार धरलेत. अस्तर वेगळं.

कोकणची_माई
मग बरोबर. अस्तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवा, तेच वर दुमडून गोट होतो. वेगळी पट्टी लावायला नको.

टाका_नऊ
शिबिरात गोधडी बिघडते ती टाके घालताना नाही, अंथरताना. अस्तर उलटं करून फरशीवर पसरायचं, कडांना मास्किंग टेप लावायची. ताठ हवं, पण ओढून ताणलेलं नको. ताणलेलं अस्तर टेप काढली की आखडतं आणि वरचे थर फुगतात. मग एकेक थर टाकत जायचं, प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारवत न्यायचा. सारवत म्हणजे तळहाताने, बोटांनी ओढायचं नाही.

मग कच्चे टाके, म्हणजे शिवून झाल्यावर काढून टाकायचे. मध्यातून निघून आधी उभी-आडवी रेघ, मग वीत-वीत अंतरावर चौकटी. दोन-दोन इंचांचे टाके चालतात. दोरा पांढराच घ्या, रंगीत कच्चा दोरा काढल्यावर फिक्या कापडावर रेघ राहू शकते. या कामाला चार जणी बास. जास्त झाल्या की एकीचा गुडघा दुसरीच्या थरावर येतो आणि थर हलतो. पक्के टाके मात्र कडेकडून आत, फेरीफेरीने.

डॅलसची_मावशी
इथे क्विल्टिंगमध्ये मधून कडेकडे शिवत जातात, म्हणजे हवा आणि चुणी बाहेर निघते. गोधडीला कडेकडून आत जायचं म्हणता, मग मधे फुगा येत नाही का?

टाका_नऊ
मावशी, तुमच्याकडे मधे वॅडिंगचा, म्हणजे भरणाचा फुगीर थर असतो, तो पुढे सरकतो, म्हणून मधून बाहेर. आपल्याकडे नुसते कापडाचे पातळ थर असतात आणि कच्चे टाके घट्ट असतील तर ते जागचे हलत नाहीत. शिवाय दहा जणी चार बाजूंनी बसणार, त्या कडेपासूनच सुरू करणार. तरी मधे कापड गोळा होताना दिसलं तर पुढे रेटू नका. आतल्या दोन फेऱ्या उसवा, कच्चे टाके सोडून कापड परत सारवा.

हल्याळकर
उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कौदी, म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, तीही कडेकडून आतच जाते. एका कोपऱ्यापासून निघतात. तुकड्याची कड आत दुमडायची आणि त्याच धावदोऱ्यात तुकडाही बसतो, थरही जोडले जातात. आधी तुकडे जोडून वरचा थर करायचा, मग शिवायचं, असं दुहेरी काम नाही. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. शेवटचा तुकडा बंद करायच्या आधी आत तांदळाचे दाणे घालायची रीत आहे. प्रात्यक्षिकात ही पद्धत दाखवायलाच हवी, उरलेल्या लहान तुकड्यांना हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

रानजाई
वा! तांदळाचं माहीत नव्हतं.

गणिताची_बाई
फेऱ्यांचा हिशोब. दोन ओळींत पाऊण इंच अंतर धरलं तर कडेकडून आत ४० फेऱ्या होतात. पहिली फेरी ३०० इंचांची, पुढची प्रत्येक ६ इंचांनी कमी. मधे बिंदू उरत नाही, ३० इंचांची रेघ उरते, कारण लांबी-रुंदीत तेवढा फरक आहे.

एकूण शिवण साधारण ७२०० इंच, म्हणजे १८३ मीटर. टाका कापडातून खाली-वर जातो, गाठी आणि टोकं वाया जातात, म्हणून दोरा सव्वादोनशे ते अडीचशे मीटर आणा. अर्धा इंच अंतर ठेवणार असाल तर दीडपट. पाव इंच टाका आणि पाव इंच मोकळं धरलं तर चौदा हजारांच्या वर टाके. दहा जणींत वाटले की प्रत्येकीला दीड हजाराच्या आत.

सुईदोरा
हिशोब छानच! दहा जणी बसवायच्या कशा तेही लिहिते. लांब बाजूंना तीन-तीन, आखूड बाजूंना दोन-दोन. मुख्य अडचण हाताच्या ओढीची. एकीचा हात घट्ट, एकीचा सैल. घट्ट बाजू आखडते आणि गोधडी वाकडी होते. एक फेरी झाली की प्रत्येकीने एक जागा पुढे सरकायचं. घट्ट-सैल सगळीकडे सारखं वाटलं जातं. ओळ संपली की अंगठ्याने टाक्यांवरून उलट्या दिशेने हात फिरवायचा, आखडलेला दोरा मोकळा होतो. मधली दहा-बारा इंच उरली की चौघींनीच बसायचं, बाकीच्यांनी गोट दुमडायला घ्यायचा.

नवशिकी
दोरा कोणता? आणि दोरा सारखा गुंततो त्याला काय करायचं? (कुकर लावलाय, परत येते)

सुईदोरा
जाड सुती. पर्ल कॉटन आठ नंबर उत्तम बसतो. मशीनचा बारीक दोरा दुहेरी घेतला तरी जुन्या कापडाला कापत जातो. लांबी हातभर, अठरा इंच. लांब घेतला की शेवटचा भाग कापडातून शंभरदा जाऊन पिंजतो. रिळावरून जे टोक आधी सुटतं तेच सुईत ओवा आणि जिथे कापलात तिथे गाठ मारा, पीळ उलगडत नाही. मेणावरून एकदा ओढून घ्या. गाठ वर दिसू नये, हलका झटका देऊन वरच्या थराखाली ओढून घ्यायची.

माळीण
सुया मोजून द्या. मोजून परत घ्या. प्रत्येकीला तीन, नावाच्या चिंधीत खोचलेल्या. रात्री आणि घडी घालायच्या आधी सगळ्या गोधडीवरून लोहचुंबक फिरवा. ही गोधडी कुणाच्या तरी अंगावर जाणार आहे.

कोकणची_माई
माळीणबाई अगदी बरोबर. आणि चिवडा, भजी, तेलाचे हात गोधडीपासून लांब. खाणं दुसऱ्या खोलीत.

पाठदुखी_क्लब
जमिनीवर मांडी घालून कोण बसणार आता आमच्या वयाच्या? गुडघे बोलतात.

माळीण
ताई, दोन लांब टेबलं जोडा, अंथरणं आणि कच्चे टाके जमिनीवर तरण्या मुलींकडून करून घ्या आणि शिवायला टेबलावर. उंची बेंबीच्या जरा खाली हवी. खांदे वर उचलावे लागत असतील तर टेबल उंच आहे.

पाठदुखी_क्लब
देव भलं करो तुमचं.

तुकडेवाली
प्रत्येकीने घरून तुकडे जोडून एक चौकट करून आणायची असेल तर हे वाचा. बारा इंची चौकट, दोन्ही कडांना शिलाईत जाणारं पाव-पाव इंच धरून साडेबारा. ५ × ७ अशा ३५ चौकटी लावल्या की ६० × ८४, भोवती तीन इंची पट्टी, ६६ × ९०. गोंधळ पाव इंच शिलाईचा होतो. प्रत्येकीचा पाव इंच वेगळा! एका चौकटीत पाच-सहा शिलाया असतील तर पाऊण इंच सहज कमी होतो. म्हणून घरी तेरा इंच करून आणायला सांगा आणि शिबिरात एकाच पुठ्ठ्याच्या साच्याने साडेबारा छाटा.

त्रिकोण दाखवणार असाल तर कापून जोडायला लावू नका, तिरकी कड ताणली जाते. दोन चौरस एकमेकांवर ठेवा, कर्णाची रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा आणि मग रेघेवर कापा. दोन तयार चौरस हातात. शेवटी चार इंच हवा असेल तर पाच इंच कापा आणि साडेचारला छाटा. इस्त्री वरून दाबायची, घासायची नाही.

डॅलसची_मावशी
इथल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या बायकांचं काम प्रात्यक्षिकाच्या खोलीत मोठं छापून लावा. कामाचे जुने कपडे, झिजलेल्या जीन्स, त्यातून केलेल्या क्विल्ट. १९६६ मध्ये त्या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या क्विल्टची तिकिटं काढली. साचा न वापरता रेघ कशी वाकडी जाऊ द्यायची, ते शिकायला त्याहून चांगलं काही नाही.

तुकडेवाली
मावशी, पण ३५ जणींच्या चौकटी असतील तर साचा हवाच.

नवशिकी
आले परत. बाळासाठी दुपटं करायचंय, तेच माप लहान करू का?

रानजाई
नाही गं. ३६ × ३६, तीनच थर, मऊ झालेलं धोतर किंवा मलमल. टाका लहान, इंचात पाच-सहा, कारण लांब टाक्यात बाळाची बोटं अडकतात. मणी, टिकल्या, बटणं काही नाही. गाठी सगळ्या आत.

धावदोरा
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! झाल्यावर धुण्याचं कुणी सांगेल का?

माळीण
चार थर आणि अस्तर मिळून सुकी दीड किलोच्या आसपास भरते, ओली झाली की उचलवत नाही. पहिल्यांदा गार पाण्यात, एकटीच. पिळायची नाही, बादलीवर तिरका पाट ठेवून पाणी निथळू द्यायचं. एका दोरीवर टाकलीत तर सगळा भार एका रेघेवर येतो आणि तिथले टाके तुटतात. तीन-चार समांतर दोऱ्यांवर पसरा, मधे एकदा उलटा. कडेचा गोट सगळ्यात उशिरा वाळतो, तो हाताला गार लागत असेल तर घडी घालू नका.