अनुभव धागा : तलवारीचा गेम – तुम्ही कोण घ्यायचात आणि मार कुणाचा खाल्लात?

भाचा इंजिनिअरिंगला आहे, रविवारी हॉस्टेलवरून जेवायला येतो. या रविवारी त्याला टीव्हीवर 'सामुराई शोडाउन' लावून दिला. १९९३ चा, पहिलाच. दहा मिनिटं खेळला आणि म्हणाला, "मामा, फारच स्लो आहे हा. याच्यात कॉम्बो कुठेत?" घास घशात अडकला माझ्या.

अरे बाबा, कॉम्बो, म्हणजे न थांबता एकापाठोपाठ बसणारे वार, फारसे नाहीत म्हणून तर तो गेम आहे! बाकी सगळीकडे पोरं बटणं बडवत होती तेव्हा एसएनके या जपानी कंपनीने हातात तलवार दिली आणि सांगितलं, थांब. एक जड वार नीट बसला की समोरच्याच्या लाईफची जवळजवळ एक तृतीयांश पट्टी साफ. हुकला तर तुमची.

मी जायचो ते व्हिडिओ गेमचं पार्लर सदाशिव पेठेत, एका वाड्याच्या पुढच्या खोलीत. तीन लाकडी खोकी, एक पंखा (तो मालकाच्या डोक्यावर), रुपयाला एक कॉइन. मी कायम हाओमारू (गेममधला सामुराई) घ्यायचो. जड वाराला ए आणि बी ही बटणं एकत्र दाबावी लागायची, आणि आमच्या मशीनचं डाव्या बाजूचं बी बटण आत बसलेलं. म्हणजे डावीकडच्याला जड वारच नाही! त्यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी पोरांनीच नियम काढला : जिंकेल त्याने पुढची मॅच डावीकडून खेळायची. अर्ध्या वाराने लढून मी लागोपाठ चार जणांना उठवलंय. दहावीच्या मार्कांपेक्षा ते जास्त लक्षात आहे.

मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे भांडायला बरं : १९९४ चा दुसरा भाग सर्वात सरस. आता तुम्ही लिहा. 'मुस्तफा'वाल्यांनी (म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' खेळणाऱ्यांनी) वेगळा धागा काढावा.

खडकीचा_हान्झो

दुसरा सरस हे मान्य, पण पहिल्यातली झटापट विसरू नका. दोघांच्या तलवारी एकमेकींत अडकायच्या आणि मग जो बटणं जास्त बडवेल तो जिंकणार. हरणाऱ्याची तलवार उडून पार मागे जाऊन पडायची. त्या क्षणी पार्लरमधली सगळी पोरं मशीनभोवती. मशीन अक्षरशः हलायचं, मालक ओरडायचा, "खोकं फोडाल रे!"

खरी मजा त्यानंतर. हात रिकामे, तलवार तिकडे, मधे शत्रू. मी ती उचलायला कधीच धावायचो नाही. समोरचा तलवारीच्या वाटेवरच वार टाकणार हे ठरलेलं असायचं. रिकाम्या हातांनी त्याचं पातं दोन तळव्यांत पकडता येतं हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही एका सहावीतल्या पोराने माझ्यावर केल्यावर.

माळावरची_मैना

मी मुलगी, त्यामुळे पार्लरची पायरी चढायची सोय नव्हती. दादा घरी येऊन हातवारे करून सांगायचा तेवढाच माझा गेम. २००१ मध्ये त्याने कुठून तरी सीडीवर निओरेजएक्स (पार्लरचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणला आणि मी पहिल्यांदा हात लावला. कीबोर्डवर! दोघं एकाच कीबोर्डवर, त्यात तिसरं बटण एकदम दाबलं की एकाचं चालायचंच नाही. दादाचं चालायचं.

मी नाकोरुरू घ्यायचे. जपानच्या उत्तरेकडच्या ऐनू लोकांतली मुलगी, हातात आखूड पातं आणि जोडीला ससाणा. त्याला लटकून ती वर जायची. दादा म्हणायचा, "ही कबुतरवाली रडीचा डाव खेळते." दादा, वाचत असशील तर ऐक : तो ससाणा होता, आणि तू हरत होतास. एवढ्या आखूड पात्याने लांब तलवारीच्या आत शिरायचं तर समोरच्याचा वार हुकायची वाट बघावीच लागते. मी बघायचे. तुला धीर नव्हता.

आईला एकच आक्षेप होता, तो कोपऱ्यात काळे कपडे घालून झेंडे दाखवणारा माणूस कोण? तो पंच, कुरोको. जपानी नाटकात रंगमंचावर काळ्या कपड्यांत वावरून सामान देणारे-घेणारे असतात, प्रेक्षकांनी त्यांना 'दिसत नाहीत' असं धरून चालायचं. दुसऱ्या भागात तोच गुपचूप लढायला उतरतो. हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग पंच कोण?" उत्तर अजून नाही माझ्याकडे.

कमी_बोलणारा

अर्थक्वेक (तो अवाढव्य जाडा) घेणारी माणसं मित्र म्हणून ठेवू नयेत. एवढंच.

पट्टेकरी

मी लहानपणापासून तालमीत लाठी आणि दांडपट्टा शिकलो, म्हणून जरा वेगळं लिहितो. तलवारीच्या बहुतेक गेममध्ये तलवार म्हणजे लांब झालेला हात. मारा, मारा, मारा. या गेममध्ये अंतराला किंमत आहे. आमचे वस्ताद म्हणायचे ते हेच, पाय आधी, हात नंतर. एक पाऊल मागे घेऊन समोरच्याचं पातं नाकासमोरून जाऊ द्यायचं आणि मग आपलं टाकायचं. गेनान नाहीतर उक्यो खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. उक्यो तर क्षयरोगी, खोकत उभा असतो. पण म्यानातून तलवार निघाली कधी आणि परत गेली कधी ते दिसत नाही.

एक तक्रार आहे. हातातून शस्त्र उडतं ते तलवारीचं ठीक. पट्ट्याचं उडणार नाही. कोपरापर्यंत हात लोखंडात अडकवलेला असतो, मूठ आतल्या बाजूला. एसएनकेने एखादा मराठा पट्टेकरी घातला असता तर त्याला निःशस्त्र कसं करणार होते, हा माझा जुना प्रश्न. (गेममधली गोष्ट १७८८ च्या सुमाराची आहे. म्हणजे आपल्याकडे सवाई माधवरावांचा काळ. यायला हरकत नव्हती.)

कोथरूड_डेपो

सगळे म्हातारे एकाच गेमवर अडकलेत. तलवारीचा गेम म्हणजे सोलकॅलिबर. आर्केडला १९९८, ड्रीमकास्ट या कन्सोलवर १९९९. मी दुसरा भाग खेळलो, प्लेस्टेशन टूवर, तासाला वीस रुपये देऊन. आठही दिशांना फिरता येतं, आणि समोरच्याला रिंगणाबाहेर ढकललं की राउंड खलास, लाईफ कितीही असो. माझा मित्र अॅस्टारॉथ घेऊन कड्यावर उभा राहायचा आणि फक्त उचलून फेकायचा. त्याच्याशी मी आठ महिने बोलत नव्हतो. तेव्हा मैत्री तोडणारे आमच्याकडेही आहेत, कमी_बोलणारा!

फक्त एक गोष्ट कधीच पटली नाही. प्रत्येक कन्सोलला एक वेगळा पाहुणा लढवय्या दिला होता. गेमक्यूबवाल्यांना 'झेल्डा'चा लिंक मिळाला, एक्सबॉक्सवाल्यांना कॉमिक्समधला स्पॉन, आणि आम्हाला? 'टेक्केन'चा हेइहाची. तलवारीच्या गेममध्ये हातमोजे घालून आलेला म्हातारा.

खडकीचा_हान्झो

@कोथरूड_डेपो, ढकलून जिंकायला कबड्डी आहे की.

रात्रपाळी

मी २०१९ चा नवीन 'सामुराई शोडाउन' घेतला. लोक म्हणतात जुनी मजा नाही, मला पटत नाही. सुपर (सर्वात जोरदार खास वार) आहे, पण अख्ख्या मॅचमध्ये एकदाच. मार खाल्ला की राग चढतो, राग चढला की वार जड होतो, हे जुनंच गणित. ऑनलाइन एक जण भेटला, चाळीस सेकंद दोघंही हललो नाही. मग त्याने खोकला आल्यासारखी एक लाथ टाकली आणि मी त्याला कापला. हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये रात्री दोनला एकटाच ओरडलो. खालच्यांनी काठीने छत वाजवलं.

गल्ल्यावरचा_मुलगा

आमचं पार्लर होतं, नाना पेठेत. बाबा चालवायचे, शाळा सुटली की गल्ल्यावर मी. तुम्ही सगळे प्रेमाने लिहिताय, मी धंद्याचं सांगतो.

'सामुराई शोडाउन' बाबांचा लाडका होता, कारण मॅच पटकन संपायची. 'मुस्तफा'वर तरबेज पोरगं एका कॉइनवर पाऊण तास उभं. इथे नवखं पोरगं दीड मिनिटात परत गल्ल्यावर. शेवटचा शत्रू अमाकुसा, त्याच्यापर्यंत फार थोडे पोचायचे. हा अमाकुसा खरा माणूस, १६३७-३८ च्या शिमाबाराच्या बंडाचा कोवळा पुढारी. गेममध्ये मेलेला परत आलाय. मी त्याला रोज रात्री शटर अर्धं ओढून फुकट मारायचो. मागून पळणारा तो निरोप्या आठवतोय ना, कधी खाणं टाकायचा, कधी बॉम्ब? गर्दीतली पोरं त्यावरही पैजा लावायची, शेंगदाण्याच्या पुडीच्या.

आता धागाकर्त्यासाठी. तुमचं पार्लर आमचं नव्हे, पण बसलेल्या बटणाचं वाचलं आणि हसू आलं. आतला मायक्रोस्विच तेव्हा पासोड्या विठोबाच्या देवळापाशी दहा रुपयांच्या आत मिळायचा. बदलायला पाच मिनिटं, मीच बदलायचो. एका मशीनला मात्र बाबा हात लावू देत नसत. म्हणायचे, "राहू दे. त्या बाजूला उभा राहणारा लवकर हरतो." पोरांनी जिंकणाऱ्यालाच तिकडे उभं करायचा नियम काढला तर बाबा त्यांना चहा पाजतील.

धागाकर्ता

@गल्ल्यावरचा_मुलगा, आमचे मालक आम्हाला खरंच चहा पाजायचे. कटिंग, शनिवारी. आम्हाला वाटायचं, माणूस दिलदार आहे.