भूल देण्याआधी रक्त कशाला? (सोसायटी ग्रुप, आज सकाळी)

ए-४०२: नमस्कार मंडळी. मनीचे दात साफ करायचेत, एक काढायचाय. डॉक्टर म्हणतात आधी रक्त तपासू, मगच भूल. मांजर नीट खातेय, कालच पडदा फाडलाय. मग हे काय नवीन काढलंय? प्राणी पाळणाऱ्यांनीच सांगा. नेहमीच्या मंडळींनी कृपया शांत राहावे 🙏

सी-१०१: नेहमीची मंडळी म्हणजे कोण?

ए-५०१: काका, तुमचं नाव कोणी घेतलं? 😀

सी-१०१: ठीक. लिफ्ट नं. २ मधल्या ओल्या कोपऱ्याबद्दल खुलासा अजून आलेला नाही.

ए-२०१ काकू: अगं, आमच्या मोतीच्या ऑपरेशनला कोणी काही तपासलं नव्हतं. सकाळी नेला, संध्याकाळी घरी. १४ वर्षं जगला.

बी-३०३: काकू, मोती तेव्हा वर्षाचा होता, मनी १२ची आहे. तरुण, धडधाकट जनावराच्या रिपोर्टने सहसा फारसं काही बदलत नाही, हे मान्य. पण म्हाताऱ्या मांजरांत किडनीचा आजार सर्रास असतो आणि बराच काळ कळतच नाही. भुलीत रक्तदाब उतरतो, किडनीला रक्त कमी पोचतं. आधीच अधू असेल तर आणखी बिघडते. आगाऊ कळलं तर सलाईन लावतात, डोस बदलतात, काही वेदनाशामकं टाळतात.

ए-४०२: मग क्रिएटिनिन, ते किडनीचं रक्तातलं माप, नॉर्मल आलं की झालं ना?

बी-३०३: तेवढ्यावर भागत नाही. साधारण ७५ टक्के किडनी कामातून गेल्यावर ते चढतं. म्हणून लघवीही तपासतात.

सी-१०१: लघवीचा विषय निघालाच आहे तर, लिफ्ट नं. २.

ए-५०१: 😂😂

ए-२०१ काकू: मोतीचं तर काहीच तपासलं नव्हतं.

ए-४०२: बी-१०५, तुम्ही डॉक्टर ना? जरा सांगा.

बी-१०५: ताई, मी दातांचा डॉक्टर.

ए-४०२: अहो, दातांचंच तर आहे!

बी-१०५: माझे पेशंट सांगितलं की आ करतात. मनी करणार असेल तर बिनभुलीचं बघू.

ए-५०१: आमच्या ब्रूनोची नसबंदी रिपोर्टमुळेच पुढे ढकलली. वरून ठणठणीत, प्लेटलेट मात्र घसरलेल्या. गोचीडताप निघाला. तसंच टेबलावर घेतलं असतं तर रक्त थांबवताना पंचाईत झाली असती.

सी-२०४: म्हणजे गोचिड्या तुमच्याकडून आल्या तर!

ए-५०१: गच्चीवर गाद्या कोणाच्या पडल्यात वर्षभर? फोटो टाकू?

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको.

बी-३०३: आणि हृदयाचं रक्ताच्या साध्या रिपोर्टवर कळत नाही. काही मांजरांच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला असतो, कधी स्टेथोस्कोपलाही सापडत नाही. शंका असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. अर्थात, ज्यांना पैसे उकळणंच वाटतं त्यांना काय सांगणार.

ए-४०२: मी पैशांचा शब्द काढला का? बिनातपासणीची भूल देऊन मांजर मारायला निघालेय, असा सूर लावलाय तुम्ही.

बी-३०३: तुम्हाला नव्हतं ते ताई. सर्वसाधारण बोललो.

ए-४०२: हो, कळलं सर्वसाधारण. उद्या सकाळी रक्त देतोय. रिपोर्ट ठीक आला तर परवा दात. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं ना?

बी-३०३: भुलीत उलटी झाली तर फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून मोठ्या मांजराचं खाणं साधारण ६ ते ८ तास बंद ठेवतात. पाणी बहुतेक निघेपर्यंत चालतं. तरी नेमकी वेळ तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पिल्लांना मात्र इतकं उपाशी ठेवत नाहीत, साखर उतरते.

ए-२०१ काकू: मोती तर दूध पिऊन गेला होता.

बी-३०३: 🙏

सेक्रेटरी: सूचना: टाकी सफाईमुळे परवा सकाळी ११ ते ४ पाणी बंद.

ए-५०१: आम्हालाही भूल देणार का?

सी-१०१: ही सूचना नंतर टाकावी. इथे विषय चालू आहे.