विलीज, फोर्ड की महिंद्रा? महायुद्धातल्या जीपचे अस्सल भाग ओळखायचे कसे

पाटास्प्रिंग
नमस्कार मंडळी. कराडजवळ एक जीप विकायला आहे. कागदावर फक्त "जीप, १९४४" एवढंच आहे. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार ती सगळीच्या सगळी अस्सल फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने महायुद्धात बनवलेली जीप. पुढची जाळी नऊ फटींची. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणावर तीन चकचकीत प्लेटा. काही बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी एफ. मागच्या पत्र्यावर डाव्या बाजूला "फोर्ड" हे नाव उठावात. स्टिअरिंग उजवीकडे. मागच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीसारखी टोपी आहे, पुढच्या चाकांना तशी नाही. इंजिन हाताने फिरतं. जॅक, व्हर्निअर, पेंट रिमूव्हर आणि टॉर्च घेऊन जाता येईल, मालक अर्धा दिवस बघू देतो. कुठून सुरुवात करावी? कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा आणि कोणत्या नाही?

बिडाचं काम
तुम्ही लिहिलेल्यातल्या तीन गोष्टी इथे बसूनच खटकतात. त्या आधी घेऊ.

पहिली, मागचं नाव. पत्र्यावर नाव उठवण्याची पद्धत १९४२ च्या मध्यापर्यंतच होती. नंतर लष्कराने ती बंद करायला लावली. १९४४ च्या गाडीवर ते नाव दिसत असेल तर कागदावरचं साल चुकीचं आहे, किंवा मागचा पत्रा दुसऱ्या गाडीचा किंवा नवा आहे. नाव उठवलेले नवे पत्रे सर्रास विकत मिळतात.

दुसरी, मागच्या चाकाची टोपी. विलीजची युद्धकाळातली एमबी असो वा फोर्डची जीपीडब्ल्यू, मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंग असतो. म्हणजे गाडीचं वजन हबच्या बेअरिंगांवर असतं आणि ॲक्सलचा दांडा फक्त फिरवायचं काम करतो. म्हणून चारही चाकांच्या मध्ये सारखीच दिसणारी, सहा बोल्टांची चकती असते. टोपी आणि तिच्याखाली एकच मोठा नट दिसला तर तो सीजेचा (विलीजच्या युद्धानंतरच्या नागरी जीपचा), आपल्याकडे बहुधा महिंद्राने बनवलेल्या तशाच जीपचा, ॲक्सल समजा.

खात्री करायची असेल तर मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला टाका आणि प्रोपेलर शाफ्टवर (ॲक्सलला ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची रेघ मारा. दोघांनी मिळून दोन्ही चाकं एकाच दिशेने बरोब्बर एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाचाला थोडे कमी (४.८८) आले तर रेशो युद्धकाळातला, पाचाच्या वर (५.३८) गेले तर सीजेचा. एकच चाक फिरवलंत तर डिफरन्शियलमुळे आकडा निम्मा येतो आणि माणूस गोंधळतो. हे करायलाच हवं, कारण पुढचा ॲक्सल ४.८८ आणि मागचा ५.३८ अशी जोडी असेल तर फोर-व्हील टाकताच दोन्ही एकमेकांशी भांडतात. कोरड्या डांबरावर ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी गिअरपेटी) मोडायला तेवढं पुरतं.

तिसरी, उजवं स्टिअरिंग. या गाड्या कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्याच निघाल्या. उजवीकडे असेल तर ते नंतर बदललेलं आहे. त्यात लबाडी नाही, आपल्या रस्त्यांसाठी लोकांनी ते करून घेतलं. पण खूण उपयोगी आहे. चासीच्या डाव्या पट्टीवर स्टिअरिंग बॉक्सची जुनी भोकं सापडली पाहिजेत. डावी पट्टी कोरी असेल आणि उजवीकडे सगळं कारखान्यासारखं नीटनेटकं असेल, तर ती चासीच महिंद्राची.

लांबी मोजून काही कळणार नाही. एमबी, सीजे-२ए, सीजे-३ए, सीजे-३बी या सगळ्यांचा व्हीलबेस ८० इंचच आहे.

ओव्हरऑल
वरच्याशी सहमत. चासीबद्दल थोडी भर घालतो, कारण अस्सलपणा ठरतो तो तिथेच. बाकी सगळं नटबोल्टने निघतं.

बंपरच्या मागे, रेडिएटरच्या खाली वाकून बघा. चासीच्या दोन पट्ट्यांना जोडणारा पुढचा आडवा भाग गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराच्या घडीव पत्र्याचा असेल तर फोर्ड. हा भाग बदलणं फार कटकटीचं, म्हणून सहसा कोणी बदलत नाही.

मग नंबर. फोर्डचा नंबर चासीच्या डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर, इंजिनच्या पुढच्या माउंटिंगजवळ ठोकलेला असतो. जीपीडब्ल्यू ही अक्षरं आणि पुढे आकडे. विलीजचा नंबर मात्र एका छोट्या प्लेटवर असतो, ती डाव्या पट्टीच्या पुढच्या टोकाला आतल्या बाजूने रिव्हेट केलेली असते. ऐंशी वर्षांत ती पडलेली असणं नवल नाही.

फोर्डचा नंबर शोधायला ग्राइंडर किंवा ड्रिलवरचा वायर ब्रश अजिबात लावू नका. पेंट रिमूव्हर लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि लाकडाच्या पट्टीने रंग सोलून काढा. ठोका उथळ असतो आणि वरून गंज. ग्राइंडरने खरा नंबर कायमचा जातो आणि मग गाडी खरी असून खोटी ठरते. रंग निघाला की टॉर्च आडवी धरा. आकड्यांभोवतीचा पत्रा बाकी पट्टीसारखाच खडबडीत आणि बारीक खड्ड्यांचा दिसला पाहिजे. तेवढाच चौकोन गुळगुळीत, किंचित खोलगट, किंवा एका दिशेने घासल्याच्या रेघा असतील तर जुना नंबर घासून नवा ठोकलाय. आकडे खड्ड्यांच्या आरपार स्वच्छ बसलेले असतील तर ते गंजानंतर ठोकलेत, गंजाआधी नाही.

इंजिनचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढे वर असतो. फोर्डने चासी आणि इंजिनला एकच नंबर दिला होता, विलीजचे दोन नंबर वेगळे. पण लष्करी वर्कशॉपांत इंजिनं सर्रास बदलली जात, त्यामुळे नंबर जुळला नाही म्हणून गाडी नाकारू नका. इंजिन मूळ जातीचं आहे ना एवढं बघा. हेड सपाट आणि प्लग वरून सरळ खाली गेलेले असतील तर ते २,१९९ सीसीचं जुनं साइड व्हॉल्व्ह इंजिन. हेडवर व्हॉल्व्हचं झाकण असेल तर ते सीजे-३बीचं. ते उंच असतं, म्हणूनच त्या जीपचं बॉनेट उंच आहे.

पाटास्प्रिंग
तपासून आलो. पुढचा आडवा भाग उलट्या यूचा. नंबर मिळाला, जीपीडब्ल्यू आणि सहा आकडे. भोवतीचा पत्रा सगळीकडे सारखाच खडबडीत. डाव्या पट्टीवर जुनी भोकं आहेत. मागे शाफ्टचे पाच फेरे आणि वर थोडं, पुढे पाचाला कमी. हेड सपाट. बॉडीचं आणि बोल्टांचं कसं ठरवू?

बिडाचं काम
म्हणजे चासी फोर्डची, मागचा ॲक्सल सीजेचा. वाईट सौदा नाही.

बॉडी बघायला गाडीखाली झोपा. मूळ बॉडीच्या तळाशी टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या असतात आणि त्यांच्या आत लाकूड भरलेलं असतं. लाकूड पाणी धरून ठेवतं, म्हणून जुन्या बॉडीचा तळ नेमका त्या पट्ट्यांच्या रेषेत कुजतो. टोकातून बारीक तार आत घाला. भुसा, कुजकं लाकूड निघालं तर ते अस्सलपणाचं लक्षण समजा, दोष म्हणून भाव पाडायला ठीक आहे. तळ सगळीकडे सारखा कोरा आणि पट्ट्या पोकळ असतील तर बॉडी बहुधा नवी. फिलिपिन्समध्ये अशा संपूर्ण बॉडी बनतात आणि जगभर जातात. त्या वापरायला चांगल्या असतात, फक्त अस्सलच्या किमतीत घ्यायच्या नाहीत.

डाव्या बाजूला बाहेर कुऱ्हाड आणि फावडं बसण्यासाठी पत्रा आत दाबलेला असतो. तिथे बोट फिरवा. मूळ प्रेसकामात कड गोलसर वळते, हाताने ठोकून केलेल्यात तुटक लागते आणि मागून हातोडीच्या खुणा दिसतात. पेट्रोल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली हवी. तोंड बॉडीच्या बाहेर असेल तर तो पत्रा सीजेचा.

आणखी एक. १९४४ पासून विलीज आणि फोर्ड दोघांनाही एकाच कारखान्यातून बॉडी येऊ लागल्या. त्यांत दोन्हीकडच्या खुणा मिसळलेल्या असतात. त्यामुळे १९४४ च्या फोर्ड चासीवर थोडी विलीजसारखी बॉडी दिसली तर ती बदलली असेलच असं नाही. मागचा नाव उठवलेला पत्रा मात्र नक्की नंतर बसवलेला.

नऊ-सोळांश
बोल्टांवरून काही सिद्ध होत नाही. एफचे नवे बोल्ट पिशवीने मिळतात. तरी प्रत्येक बोल्ट तपासावा, कारण आहे. ही गाडी पूर्ण इंची आहे. ५/१६ च्या बोल्टाला १/२ इंची पाना लागतो, ३/८ ला ९/१६. कुठे १३ किंवा १७ चा पाना घट्ट बसला तर तिथे मेट्रिक बोल्ट घुसवलाय. ८ मिमीचा बोल्ट ५/१६ च्या बारीक आट्यांत दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. मग कोणीतरी लांब पाना लावून जोर करतं आणि बिडाचे आटे खलास. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, तिथेही जबरदस्ती नको.

ग्लव्ह बॉक्सवरच्या प्लेटांकडे पुरावा म्हणून बघूच नका. चार स्क्रूंवर बसतात आणि नव्या सहज मिळतात.

जीव जाण्याची गोष्ट: रिम दोन भागांची, आठ नटांनी जोडलेली असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या आठ नटांना हात लावू नका. नाहीतर रिमचा अर्धा भाग तोंडावर उडतो.

ब्रेकमध्ये अस्सलपणाचा हट्ट धरू नका. व्हील सिलिंडर, होज पाइप नवेच घाला. मापं मात्र मूळची ठेवा, पुढे १ इंची आणि मागे ३/४ इंची. चारही एकाच मापाचे घातले तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी होते.

ओव्हरऑल
नोंदणीचंही बघा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही, म्हणून अर्जाआधी आत्ताच्या स्थितीचे, विशेषतः नंबरचे, जवळून फोटो काढून ठेवा. मागचा ॲक्सल बदलायचा ठरलाच तर काढलेला सीजेचा ॲक्सल भंगारात घालू नका. त्यालाही कोणीतरी शोधत असतं.

पाटास्प्रिंग
आभार. उद्या तार घेऊन गाडीखाली झोपतो. लाकूड निघालं की इथे फोटो टाकतो.