केवळ स्त्रियांसाठीच्या जागांच्या चळवळीत स्त्रियांमध्येच फूट का?

मृण्मयी:
ब्रिटनमधील आश्रयगृहे, तुरुंग आणि कपडे बदलण्याच्या खोल्या यांतील स्त्रियांच्या जागा जैविक लिंगानुसारच राखीव असाव्यात, म्हणजे ट्रान्स स्त्रियांना (जन्मावेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींना) त्यांत प्रवेश नसावा, ही या चळवळीतील सर्वांचीच मागणी आहे. तरीही तिच्यातील डाव्या आणि उजव्या विचारांच्या स्त्रिया एका व्यासपीठावर येण्याचे टाळतात. हा केवळ नेतृत्वाचा वाद आहे, की मतभेद त्याहून खोल आहेत?

सुनंदा:
मतभेद खोल आहेत. २०१७ साली ‘वूमन्स प्लेस यूके’ स्थापन करणाऱ्या स्त्रिया कामगार संघटनांच्या कामातून आलेल्या होत्या. स्त्रीचे शरीर हे वास्तव आहे, पण तिने कसे वागावे याचे नियम समाजाने लादलेले असून ते मोडलेच पाहिजेत, ही या डाव्या परंपरेची भूमिका आहे. उजव्या बाजूच्या परंपरावाद्यांना मात्र ते नियमच नैसर्गिक वाटतात. त्यामुळे खोलीच्या दाराशी दोघींचे एकमत होते आणि गर्भपाताचा प्रश्न निघाला की त्या समोरासमोर उभ्या राहतात. अमेरिकेत ‘विमेन्स लिबरेशन फ्रंट’ या गर्भपाताच्या हक्काचा पुरस्कार करणाऱ्या संघटनेने त्या हक्काविरुद्ध न्यायालयात लढणाऱ्या ‘अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम’कडून १५,००० डॉलर घेतले, तेव्हा अनेक स्त्रीवाद्यांनी तिच्यावर कठोर टीका केली. मला ती टीका योग्य वाटते. आज ज्यांचे बळ घ्यावे, त्यांच्याशीच उद्या कोणत्या तोंडाने भांडायचे?

वसुधा:
सुनंदाताई, तुमचे म्हणणे पटते, पण संगतीवरून दोष लावण्याची सवयही घातक आहे. स्वतःला स्त्रीवादी न म्हणवणाऱ्या ब्रिटिश कार्यकर्त्या केली-जे कीन यांची १८ मार्च २०२३ रोजी मेलबर्नमध्ये सभा होती, आणि त्याच वेळी नवनाझी तेथील संसदेच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. सभेत बोललेल्या आमदार मोइरा डीमिंग यांना पुढे लिबरल पक्षाच्या संसदीय गटातून काढण्यात आले; त्यांनी पक्षनेत्यांवर बदनामीचा दावा लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो जिंकला. शिवाय डाव्या बाजूच्या स्त्रियांना स्वतःच्या पक्षात तरी कोठे जागा मिळाली? ब्रिटनमध्ये खासदार असताना जोआना चेरी यांना स्कॉटिश नॅशनल पक्षात आणि रोझी डफिल्ड यांना मजूर पक्षात याच मतांसाठी वर्षानुवर्षे रोष सोसावा लागला. घरच्यांनी दार लावून घेतल्यावर कोणी शेजाऱ्याकडे गेले, तर सगळा दोष तिलाच कसा देता येईल?

रेवती:
एक गोष्ट राहून गेली. ट्रान्स स्त्रियांना या जागांतून वगळण्यास विरोध करणाऱ्या स्त्रीवादीही पुष्कळ आहेत, म्हणून ‘स्त्रियांची मागणी’ असे सरसकट म्हणताना जपावे. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या चळवळीतील संघटनेच्या बाजूने एकमताने निकाल देऊन २०१० च्या समता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून ठरवला, आणि ट्रान्स व्यक्तींना भेदभावापासून असलेले संरक्षण कायम असल्याचेही त्याच निकालात सांगितले. त्या खटल्यात लेस्बियन स्त्रियांच्या संघटनांनीही बाजू मांडली होती. समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्यांच्या शेजारी त्यांनी कसे बसावे?

मृण्मयी:
लेस्बियन संघटनांचा हा पैलू माझ्या लक्षातच आला नव्हता. वसुधाताई, पक्षात राहून रोष सोसणाऱ्यांविषयी तुम्ही आणखी लिहिलेत तर मला वाचायला आवडेल.